व्हिक्टोरिया क्रॉस वीरांची सिगारेट कार्डं जमवताना या चुका टाळा

पूर्वी ब्रिटिश कंपन्या सिगारेटच्या पाकिटात छोटी चित्रकार्डं घालत, आणि त्यांतल्या काहींवर व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी) या ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी असत. नवखा माणूस असं कार्ड हातात घेतो, लाल डगल्यातला शिपाई बघतो आणि पैशाचं पाकीट काढतो. कार्ड उलटून बघायचं त्याला सुचतच नाही. कंपनी, मालिका, क्रमांक, कुणी कधी लावलेल्या डिंकाचा डाग, हे सगळं पाठीवर असतं. या छंदात बुडालेले बहुतेक पैसे पाठ न बघितल्यामुळे बुडालेत.

'पूर्ण सेट' या शब्दावर विश्वास ठेवणं. टॅडी या ब्रिटिश तंबाखू कंपनीची व्हीसी कार्डं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. क्रमांक सलग 1 ते 125, पण ती वीस-वीसच्या पाच तुकड्यांत आणि शेवटी पंचवीसच्या एका तुकड्यात आली. 41 पासून पुढची कार्डं दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाची. गॅलहर या दुसऱ्या कंपनीची पहिल्या महायुद्धातली मालिका म्हणजे पंचवीसचे आठ भाग, एकूण 200. त्यामुळे 25 कार्डांना 'पूर्ण सेट' म्हणणारा विक्रेता खोटं बोलत नाही, तुम्ही विचारलं नाही एवढंच. चौकटीच्या कागदावर सगळे क्रमांक लिहा आणि तो कागद पाकिटात ठेवा. पहिलं आणि शेवटचं कार्ड आधी तपासा. गठ्ठ्याला रबरबँड लावला की मार त्या दोघांनाच बसतो, म्हणून ती चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण आणि महाग.

यशवंत घाडगे किंवा नामदेव जाधव या मराठी व्हीसी वीरांचं 'जुनं' कार्ड शोधणं. मराठी संग्राहकांना हा मोह हमखास होतो. दोघांचे पराक्रम इटलीतले, 1944 आणि 1945 चे. ब्रिटिश सिगारेट पाकिटांतली कार्डं 1940 मध्येच कागदटंचाईने बंद झाली होती. तेव्हा कुणी असं कार्ड दाखवलं तर नमस्कार करून पुढे चला. हिंदी सैनिकांना व्हीसी मिळण्याची सोयच मुळात 1911 मध्ये झाली. पहिले मानकरी खुदादाद खान, ऑक्टोबर 1914, बेल्जियममधलं होलेबेके. म्हणून टॅडीच्या बोअर युद्धाच्या कार्डांत हिंदी शिपाई शोधू नका.

रॉबर्ट्स नावाचे ब्रिटिश अधिकारी दोन आहेत, बाप आणि लेक, दोघेही व्हीसी. कार्ड कुणाचं ते मजकूर वाचून ठरवा.

पुनर्मुद्रण अस्सल समजून घेणं. जुन्या सेटच्या नव्या छपाया उघडपणे विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा पाठीवरची पुनर्मुद्रणाची बारीक ओळ कुणी खरवडून काढतो. कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे दिसतात. मग दहापट भिंग. रंगीत भागात चार रंगांच्या ठिपक्यांची नीट फुलं दिसली तर छपाई आधुनिक. जुन्या शिळाछापात ठिपके ओबडधोबड आणि विखुरलेले असतात. (छायाचित्रावरून छापलेल्या जुन्या एकरंगी कार्डांवरही जाळीचे ठिपके असतात, तेवढ्यावरून त्यांना खोटं ठरवू नका.) शेवटी अंधारात अतिनील टॉर्च. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळक रसायन आहे, आणि ते कागदात साधारण 1950 च्या सुमारास आलं. चमकला नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही. फोनवर फोटो बघून 'ओरिजिनल आहे का?' विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

कापलेली कार्डं वेगळीच डोकेदुखी. नेहमीचा आकार साधारण 68 बाय 36 मिमी. त्याच सेटच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून बघा. मिलिमीटरभर कमी आणि कोपरे संशयास्पद टोकदार असतील तर कुणीतरी झिजलेली कड उडवली आहे.

अल्बममध्ये चिकटवलेली कार्डं ओढून काढणं. याहून मोठा गाढवपणा नाही. एका नवख्याने जुना अल्बम स्वस्तात मिळवला आणि त्याच रात्री पानं गरम पाण्याच्या परातीत बुडवली. सकाळी कार्डांचे पुढचे आणि मागचे थर वेगळे झाले होते, आणि पाठीवरचा मजकूर अल्बमच्या पानालाच राहिला होता. घाई नडली.

आधी पान कापून प्रत्येक कार्ड त्याच्या कागदासकट सुटं करा. कानकोरणीचा कापूस किंचित ओला करून चित्राच्या कोपऱ्यावर टेकवा. रंग आला तर तिथेच थांबा. नाही आला तर कार्ड चित्र वर ठेवून गार पाण्याने ओल्या केलेल्या टिपकागदावर ठेवा, वर झाकण. अर्ध्या-पाऊण तासात खळ किंवा डिंक मऊ होतो. मग कागद कार्डापासून सोलायचा, कार्ड कागदापासून नाही. निघत नसेल तर आणखी अर्धा तास. नंतर कोरड्या टिपकागदांत वजनाखाली दोन दिवस, पहिल्या दिवशी टिपकागद तीन-चार वेळा बदलून. सेलोटेपचा आणि रबर सोल्युशनचा डाग पाण्याने जात नाही. ऑग्डेन्स कंपनीच्या 'गिनी गोल्ड'सारख्या छायाचित्र कार्डांना तर पाणी दाखवूच नका, जिलेटिनचा थर फुगतो. खरं सांगायचं तर एखाद-दुसरं साधं कार्ड चिकटलेलं राहिलं तरी काही बिघडत नाही.

लॅमिनेशन? नाही. कधीच नाही.

कार्डं ठेवायच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांना नव्या रेनकोटसारखा वास येतो आणि काही वर्षांत ती कार्डाला चिकटतात. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिस्टरची घ्या. मुंबई-कोकणात राहत असाल तर घट्ट डब्यात सिलिका जेल घाला, पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते तापवून कोरडं करा, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. कसर आली की आधी जुन्या खळीचा डाग असलेली कार्डंच खाते.