ब्राउनी, ब्लॉन्डी बिघडते कुठे? या चुका टाळा

ब्राउनी कोरडी झाली की बोल रेसिपीला लागतो. बहुतेक वेळा ती फक्त जास्त बेक झालेली असते. टूथपिक कोरडी ठक्क बाहेर आली पाहिजे, ही कसोटी केकची. ब्राउनीला ती लावलीत तर कडा कडक होणार आणि मध्यभाग भुसभुशीत. कडेपासून साधारण दोन इंच आत टूथपिक टोचा. ओलसर कण चिकटले की टिन लगेच बाहेर काढा. पातळ बॅटर लागलं तर आणखी तीन-चार मिनिटं थांबा. टूथपिक चॉकलेटच्या तुकड्यात घुसली असेल तर ती उगाच ओली दिसते, म्हणून दुसरीकडेही टोचून बघा. आठ इंची चौकोनी टिन आणि १७५ अंश सेल्सिअस असेल, तर २२व्या मिनिटापासून तपासायला लागा. बाहेर काढल्यावरही गरम टिनमध्ये ती थोडा वेळ शिजतच राहते.

आता टिनच बदलला तर? आठ इंची टिनचं क्षेत्रफळ ६४ चौरस इंच, नऊ इंचीचं ८१. दिसायला एका इंचाचा फरक, पण बॅटर सव्वापट जागेत पसरतं, थर पातळ होतो आणि रेसिपीतली वेळ चुकते. काचेचं भांडं हळू तापतं आणि उशिरा निवतं, त्यामुळे मध्यभाग होईपर्यंत कडा वाळतात. तापमान १०-१५ अंशांनी कमी ठेवा.

मैदा मात्र वजनानेच घ्या. चमच्याने हलका भरून सपाट केलेला कप सुमारे १२५ ग्रॅमचा. तोच कप डब्यात खुपसून भरला की १५० ग्रॅमपर्यंत जातो. ११५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर आणि दोन अंड्यांच्या ब्राउनीला ८० ग्रॅमच्या आसपास मैदा पुरतो. तिथे वीस-पंचवीस ग्रॅम जास्त म्हणजे सरळ केकच. मैदा घातल्यावर फेटत बसू नका. ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) तयार होऊन ब्राउनी चिवट होते. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा.

वरचा पातळ, चकचकीत, तडकलेला पापुद्रा हवा असेल तर मेहनत मैद्याच्या आधी घ्यायची. अंडी आणि साखर चार-पाच मिनिटं फेटा, साखर जितकी विरघळेल तितका पापुद्रा छान. बेकिंग पावडर वाढवून तो येत नाही.

ब्लॉन्डीत कोको नसतो, ब्राऊन शुगर भरपूर असते. नेहमीची चूक म्हणजे कढत बटर: चॉकलेट चिप्स वितळून बॅटर मळकट होतं, अंडंही शिजू शकतं. बोटाला कोमट लागेल इतकं निवू द्या. कडा सोनेरी आणि मध्य किंचित फिकट, मऊ असतानाच काढा. सगळीकडे सारखा तांबूस रंग येण्याची वाट पाहिलीत तर बिस्किट हाती येईल. मध्यभाग खड्ड्यासारखा बसला तर ती कच्ची राहिली आहे किंवा बटर-साखर जास्त झालीय.

लेमन बार म्हणजे बिस्किटासारख्या तळावर लिंबाचं सारण ओतून बेक केलेल्या वड्या. त्यांचा तळ ओला राहतो तो आधी न भाजल्यामुळे. तळ सोनेरी होऊ द्या आणि गरम असतानाच सारण ओता. सारण जोरात फेटलं तर वर पांढरट फेस जमतो. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात लिंबाला धातूची चव येते.

कापायची घाई तर नकोच. पूर्ण निवल्यावर तासभर फ्रीजमध्ये ठेवा, बटर पेपरसकट उचलून पाटावर घ्या. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, आणि दर कापाला पुन्हा पुसा.