गटात बसवलं म्हणजे सहकार्य होत नाही: वर्गातल्या या चुका टाळा

नव्या शिक्षकांचे पाठ पाहायला मी वर्गात मागच्या बाकावर बसते. बाकं समोरासमोर जोडलेली असतात, मुलं गटागटाने बसलेली असतात, भिंतीवर 'एकमेकांना मदत करा' असा तक्ताही असतो. तरी प्रत्येक मूल एकटंच शिकत असतं, किंवा शिकतच नसतं. चुका त्याच त्या दिसतात, म्हणून एकदा लिहून काढते.

एकाचं काम सहा जणांना देणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. एका विज्ञानाच्या तासाला बाईंनी सहा-सहांचे गट केले आणि सांगितलं, 'जलचक्राचा तक्ता तयार करा.' माझ्या पुढ्यातल्या गटात एका मुलीने पुस्तक उघडून लिहायला घेतलं. दोघी रंग भरायला बसल्या. एक जण पेन्सिलींना टोक काढत होता, एक शेजारच्या गटात डोकावत होता, आणि एक मुलगा तास संपेपर्यंत तक्त्याचा कोपरा हाताने दाबून बसला होता. तक्ता देखणा झाला, टाळ्या पडल्या, सगळ्यांना सारखे गुण मिळाले. नंतर मी त्या मुलाला विचारलं, 'ढग कसे तयार होतात रे?' तो म्हणाला, 'ते तिनं लिहिलंय.' तेवढ्यात ती मुलगी बाईंना विचारत होती, 'पुढच्या वेळी मी एकटीनंच करू का?'

'मुलं आळशी आहेत,' असं बाईंचं म्हणणं होतं. मला ते मुळीच पटलं नाही. फ्रेंच शेतकी अभियंते माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढणाऱ्यांचं बळ मोजलं, तेव्हा माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला. त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठी माणसंही अशीच वागतात, मग मुलांना कशाला दोष द्यायचा? कामच असं होतं की ते एकटीला जमत होतं, आणि बाकीच्यांवाचून काही अडत नव्हतं.

पुढच्या तासाला आम्ही काम बदललं. गट चौघांचे केले. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पाऊस आणि जमिनीत मुरणारं पाणी, असा एकेक भाग एकेकाला दिला. आधी सगळ्या गटांतली 'बाष्पीभवन'वाली मुलं एकत्र बसली, तशीच बाकीचीही. आपला भाग पक्का झाल्यावर ती आपापल्या गटात परतली आणि तिथे प्रत्येकाने तो तोंडी समजावला. तक्त्याचा कोपरा धरून बसलेल्या मुलाकडे मुरणारं पाणी होतं. तो अडखळला. पण त्याचा भाग दुसऱ्या कुणाकडेच नव्हता, म्हणून गटातली मुलं त्याला प्रश्न विचारत राहिली आणि तो सांगत राहिला.

ही पद्धत माझी नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन इथे ती उभी केली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गांत कमालीचा ताण होता. नवे शिक्षक ही पद्धत एका तासात उरकतात आणि 'गोंधळ होतो' म्हणून सोडून देतात. पहिल्या खेपेला गोंधळ होणारच. निदान चार-पाच घटक तरी नेटाने करा, मग बोला.

माझी आणखी एक सवय आहे. गटाचं उत्तर कोण सांगणार हे मी शेवटपर्यंत जाहीर करत नाही. चिठ्ठी काढते. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. मग हुशार मूल आपणहून बाकीच्यांना समजावू लागतं.

प्रश्न विचारून लगेच उत्तर मागणं

शांततेची भीती मुलांपेक्षा शिक्षकांनाच जास्त असते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. इतका स्वस्त उपाय असूनही तो कुणी करत नाही, याचं मला खरंच दुःख होतं.

मी प्रश्न विचारला की खडू खाली ठेवते आणि मनात पाचपर्यंत मोजते. हात वर आले तरी नाव घेत नाही. उत्तर मिळाल्यावर पुन्हा थांबते, लगेच 'बरोबर' म्हणत नाही. 'बरोबर' म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो.

विचार करा, जोडीत बोला, मग वर्गाला सांगा, ही अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांची पद्धत बरेच जण वापरतात. पण घाईत पहिली पायरी गाळतात आणि थेट 'जोडीत बोला' म्हणतात. मग जोडीतलं चटपटीत मूल बोलतं आणि दुसरं मान डोलावतं. आधी एक मिनिट, वहीत, गप्प राहून.

थोडक्यात आणखी काही

'समजलं का?' विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. 'शेजाऱ्याला तुझ्या शब्दांत सांग' म्हणा आणि कान देऊन ऐका.

वर्षभर एकच गटप्रमुख नको.

चुकलेल्या उत्तरावर कुणी हसलं की तिथेच थांबा, मग धडा मागे राहिला तरी चालेल. याबाबतीत मी अजिबात सवलत देत नाही.

'हवे तसे गट करा' असं सांगणं

हा शॉर्टकट मला सहन होत नाही. शिक्षकाची दोन मिनिटं वाचतात, आणि एक मूल सगळ्या वर्गादेखत उरतं. मग 'याला कोण घेतंय?' असं वर मोठ्याने विचारलं जातं. गट आदल्या दिवशी स्वतः करून कागदावर लिहून आणा. एकट्या पडणाऱ्या मुलाला वर्गातल्या लाडक्या मुलाजवळ नव्हे, शांत आणि समजूतदार मुलाजवळ बसवा. त्याच्याकडे असा भाग द्या की जो त्याला नीट येतो आणि गटाला लागतोच. गट काही आठवडे तसाच ठेवा. दुसऱ्याच दिवशी 'आमचं पटत नाही' म्हणत कुणी आलं, तर ऐकून घ्या, पण गट बदलू नका. आधी त्यांच्या कामाची वाटणी तपासा. बहुतेक वेळा भांडणाचं मूळ तिथेच सापडतं.