११४ वचने आणि एक चौकटी कंस: थोमाच्या शुभवर्तमानाचा अभ्यास करताना

थोमाच्या शुभवर्तमानाकडे, म्हणजे बायबलबाहेर राहिलेल्या येशूच्या वचनांच्या एका जुन्या संग्रहाकडे, मी बायबलच्या वाटेने आले नाही. मराठीच्या एम. ए.ला महानुभाव वाङ्मय हा माझा विशेष अभ्यासाचा विषय होता. लीळाचरित्रात श्रीचक्रधरांचे बोलणे प्रसंगासह येते. केसोबासांनी त्यातील वचने प्रसंगापासून सोडवून सूत्रपाठ सिद्ध केला, आणि मग अमुक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगण्यासाठी प्रकरणवशासारखा ग्रंथ लिहिण्याची गरज संप्रदायालाच भासली. प्रसंग गळून पडला की वचनाचे काय होते, हा प्रश्न तिथे माझ्या डोक्यात शिरला, आणि पुढे धर्मांच्या तौलनिक अभ्यासाकडे वळल्यावर त्याच प्रश्नाने मला या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतील, ग्रंथापाशी आणून सोडले. हा विषय नव्याने हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडेल असे जे काही, बहुतेक वेळा चुका करूनच, मला कळले ते इथे लिहीत आहे.

ग्रंथ लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. आधुनिक संपादकांनी दिलेल्या क्रमांकांनुसार त्यात ११४ वचने आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘येशू म्हणाला’ अशी होते आणि मधूनमधून शिष्यांचे प्रश्न येतात. जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, वधस्तंभ नाही, रिकामी कबरही नाही. ही गुप्त वचने जिवंत येशूने उच्चारली आणि दिदुम यहूदा थोमा याने लिहून घेतली, असे आरंभीच सांगितले आहे. ‘दिदुम’ हा ग्रीक शब्द आणि ‘थोमा’ हा अरामी, दोहोंचा अर्थ ‘जुळा’. म्हणजे माणसाचे नाव यहूदा एवढेच, बाकी एकच टोपणनाव दोन भाषांत दोनदा आले आहे. याच थोमाच्या नावावर येशूच्या बालपणीची आणखी एक कथा आहे आणि तिचा या ग्रंथाशी काही संबंध नाही, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. ग्रंथालयातून मोठ्या उत्साहाने मागवलेले पहिले पुस्तक उघडले, तेव्हा त्यात पाच वर्षांचा येशू मातीच्या चिमण्या करून उडवत होता. नावे नीट तपासून मगच पुस्तके मागवावीत.

हा ग्रंथ आपल्या हाती दोन हप्त्यांत आला आणि त्याचा क्रम लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांना इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यांत १८९७ साली येशूची काही वचने असलेले एक ग्रीक पान मिळाले. १९०४ साली त्यांनी आणखी दोन तुकडे प्रसिद्ध केले. ही तिन्ही एकाच ग्रंथाची शकले आहेत हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९४५ साली वरच्या (म्हणजे दक्षिण) इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ चामडी बांधणीच्या कॉप्टिक हस्तलिखितांचा साठा सापडला. त्यातील दुसऱ्या हस्तलिखितात, चौथ्या शतकातल्या अक्षरांत, संपूर्ण ग्रंथ होता आणि अखेरीस ‘थोमानुसार शुभवर्तमान’ असे शीर्षकही होते. ग्रीक तुकडे याचेच आहेत हे फ्रेंच विद्वान प्युएश यांनी १९५२ साली ओळखले. शेतकऱ्याला मिळालेले मडके, त्यात जिन असेल ही भीती, चुलीत गेलेली पाने, ही शोधाची कहाणी अनेक वर्षांनंतर आणि वेगवेगळ्या तपशिलांनी सांगितली गेली आहे. व्याख्यानाच्या सुरुवातीला ती रंगते, पण प्रबंधात तिच्यावर भिस्त ठेवू नये.

माझी खरी फजिती झाली ती ७७व्या वचनावर. कॉप्टिक प्रतीत येशू तिथे म्हणतो की मी सर्वांवरचा प्रकाश आहे, मी सर्व आहे, माझ्यातून सर्व निघाले आणि माझ्यापर्यंत सर्व पोहोचले. लाकूड फोडा, मी तिथे आहे. दगड उचला, मी तुम्हाला तिथे सापडेन. ‘जळी स्थळी काष्ठी पाषाणी’ ऐकत वाढलेल्या माणसाने हे वाचले की त्याचे पुढे काय होणार हे सांगायला नको. मी पहिल्याच सादरीकरणात या वचनावर अद्वैताचा मजला चढवून मोकळी झाले. ऐकून घेतल्यावर मार्गदर्शकांनी एकच गोष्ट विचारली: लाकूड आणि दगड ग्रीक पानावर कुठे आहेत?

ते तिथे ७७व्या वचनात नाहीतच. ३०व्या वचनाला जोडलेले आहेत. त्या वचनाचा आरंभ ग्रीक पानावर खराब झालेला आहे, पण उत्तरार्ध स्पष्ट आहे: जिथे कोणी एकटा असेल तिथे मी त्याच्यासोबत आहे, दगड उचल, मी तुला तिथे सापडेन, लाकूड फोड, मी तिथे आहे. इथे क्रमही उलटा आहे, आधी दगड आणि मग लाकूड. मुख्य म्हणजे बोलणे विश्वव्यापी तत्त्वाबद्दल राहत नाही. एकट्याने राबणाऱ्या माणसाला दिलेला तो सोबतीचा शब्द आहे, असा त्याचा अर्थ लागू शकतो. मग ते वाक्य ७७मध्ये गेले कसे? कॉप्टिकमध्ये ‘पोहोचणे’ आणि ‘फोडणे’ ही दोन्ही क्रियापदे ‘पोह’ अशी एकसारखीच दिसतात. ‘माझ्यापर्यंत सर्व पोहोचले’ या शब्दांपाठोपाठ ‘लाकूड फोडा’ येण्याचे कारण बहुधा हा शब्दसादृश्याचा धागा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ज्या जोडणीवर मी तत्त्वज्ञान उभारले, ती जोडणी मूळ ग्रीकमध्ये नव्हे, तर अनुवादाच्या, म्हणजे कॉप्टिकच्या, भाषेत झालेली होती. (मराठी ‘पोहोचणे’शी त्या क्रियापदाचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे, तरी कॉप्टिक धातूंपैकी माझा सर्वांत आधी पाठ झालेला धातू तोच.)

तेव्हापासून मी एका वहीत तीन रकाने आखले: पहिल्यात कॉप्टिक, दुसऱ्यात असेल तिथे ग्रीक, आणि तिसऱ्यात मत्तय, मार्क, लूक या बायबलमधील शुभवर्तमानांतील समांतर वचन. निम्म्याच्या आसपास वचनांना असे समांतर आहे, त्यामुळे तिसरा रकाना लवकर भरतो. पण सर्वाधिक शिकवतो तो दुसरा, कारण तो तुटका आहे. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या तुकड्यांपैकी एक जमिनींच्या मोजणीच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला आहे आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा उजवीकडचा भाग गेलेला आहे. छापील आवृत्तीत ती जागा चौकटी कंसांत भरलेली असते. नवा विद्यार्थी कंस ओलांडून सरळ वाचत जातो. मीही तसेच केले होते.

पाचवे वचन घ्या. तुझ्या नजरेसमोर आहे ते ओळख, म्हणजे तुझ्यापासून लपलेले तुला उघड होईल. कारण गुप्त असे काही नाही की जे प्रकट होणार नाही. कॉप्टिक इथे थांबते. ग्रीक मात्र पुढे म्हणते: आणि पुरलेले असे काही नाही की जे उठवले जाणार नाही. ज्या ग्रंथात पुनरुत्थानाचा उल्लेख नाही असे आपण सगळीकडे वाचतो, त्यात पुनरुत्थान आले की काय? पण पपायरसवर ‘पुरलेले’ हा शब्द आहे. ‘उठवले जाणार नाही’ मधला बहुतेक भाग कंसात आहे, म्हणजे संपादकांचा आहे. त्यांचा अंदाज चुकीचा नसावा, कारण हेच वाक्य ऑक्सिरिंकसच्या परिसरातून आलेल्या एका प्रेतवस्त्रावरही लिहिलेले मिळाले. तरी प्रेताला गुंडाळताना त्या वाक्याचा जो अर्थ होतो, तोच या ग्रंथात होता असे म्हणता येत नाही. इथे कदाचित पुरलेले म्हणजे दडलेले सत्य एवढेच असेल. नंतर कोणाला तो शब्द देहाच्या पुनरुत्थानाकडे झुकतो असे वाटले आणि त्याने तो गाळला, की मुळात नव्हता आणि ग्रीक परंपरेत वाढला, यावर मी दोन महिने घालवले आणि प्रबंधात शेवटी दोन पाने लिहिली. त्या दोन पानांचा मला अजूनही पश्चात्ताप होत नाही.

काळाच्या वादात नवख्या माणसाने लगेच उडी घेऊ नये. सर्वांत जुना ग्रीक तुकडा साधारण इ. स. २००च्या सुमाराचा मानतात आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस हा ख्रिस्ती लेखक या ग्रंथाचा नावाने उल्लेख करतो, म्हणून दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तो होता हे निश्चित. त्याआधी कधी, यावर दोन तट आहेत. एक तट पहिल्या शतकाकडे जातो आणि दाखवतो की द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा दाखला थोमामध्ये मार्कपेक्षा साधा आहे, त्यावर रूपकाचा थर नाही. दुसरा तट म्हणतो की आत्ताच सांगितलेल्या पाचव्या वचनाच्या ग्रीकमध्ये ‘जे प्रकट होणार नाही’ ही रचना मार्कची नसून मार्कच्या वाक्यात लूकने केलेल्या बदलाशी जुळते, म्हणजे थोमाच्या मागे कुठेतरी लूक आहे. दोन्ही युक्तिवाद मला आपापल्या जागी पटतात आणि त्याचे कारण माझे दोलायमान मन नाही. सूत्रसंग्रहात वचन शिरते, सरकते, गळते. ७७व्या वचनात आपण ते डोळ्यांनी पाहिले. अशा ग्रंथाला एकच जन्मतारीख मागणे म्हणजे वाड्याच्या एका विटेवरून सगळ्या वाड्याचे वय काढणे. आत्ता जो आकार आपल्यापुढे आहे तो दुसऱ्या शतकातला असावा, असे मला वाटते. त्यातील काही वचने कितीतरी जुनी असायला त्याने बाध येत नाही.

जागेबद्दल मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. ‘यहूदा थोमा’ हे नाव सिरियातील, विशेषतः एडेसा या प्राचीन नगराच्या, ख्रिस्ती परंपरेत चालत आलेले आहे. त्याच परंपरेतील ‘थोमाची कृत्ये’ हा तिसऱ्या शतकातला ग्रंथ त्याला गुंदाफर राजाच्या दरबारी, म्हणजे भारतात, पाठवतो. या गुंदाफरशी जुळणाऱ्या गोंडोफर्निस राजाची नाणी प्रत्यक्ष मिळालेली आहेत आणि केरळचे मार थोमा ख्रिस्ती आपली परंपरा याच प्रेषितापासून सांगतात. या सगळ्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्यांना या वचनांमध्ये भारत शोधण्याचा मोह होतो आणि मलाही तो प्रश्न दर वेळी विचारला जातो. पण प्रेषिताच्या प्रवासाची कथा वेगळी आणि हा वचनसंग्रह वेगळा. संग्रहात भारताचा मागमूस नाही.

धर्मविचाराकडे येताना ‘नॉस्टिक’ (गूढ ज्ञानानेच तारण मानणाऱ्या प्राचीन पंथांचे) हे लेबल काही दिवस कपाटात ठेवावे. नाग हम्मादीच्या साठ्यातील इतर काही ग्रंथांत जग घडवणारा हीन देव, सोफिया या दैवी प्रज्ञेचे पतन, आकाशातील अधिपतींच्या फळ्या असा मोठा पसारा आहे. थोमामध्ये त्यातले काही उघडपणे येत नाही. इथे तारण क्रुसावरील मरणाने होत नाही, ओळखण्याने होते. पहिलेच वचन सांगते की ज्याला या वचनांचा अर्थ सापडेल तो मरण चाखणार नाही. सारी जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकलेली आहे, आणि प्रसंग का गाळले असावेत याचे माझ्यापुरते उत्तर मला तिथे मिळाले. प्रकरणवश हाताशी असता तर शोधायचे उरले काय असते? तिसऱ्या वचनात ‘राज्य आकाशात आहे’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांची थट्टा आहे, कारण तसे असेल तर पाखरे आपल्या आधी पोहोचतील. राज्य आत आहे आणि बाहेरही आहे. ११३वे म्हणते की ते पृथ्वीवर पसरलेले आहे आणि माणसांना दिसत नाही. २८व्यात येशू जगाच्या मध्ये देहाने उभा राहतो आणि त्याला सगळे झिंगलेले आढळतात, तहानलेला कोणीच नाही. ‘देहाने’ हा शब्द तिथे आहे, म्हणून देह म्हणजे केवळ तुरुंग असे सरसकट विधान या ग्रंथाबद्दल करता येत नाही.

मराठीत आणताना सर्वांत जास्त अडवले ते ‘मोनाखोस’ या शब्दाने. कॉप्टिक प्रतीत तो तीनदा येतो. पुढे त्यापासूनच मठवासी साधूचा शब्द झाला, म्हणून ‘संन्यासी’ लिहावेसे वाटते. पण तो आपल्या आश्रमव्यवस्थेचे सामान बरोबर घेऊन येतो. ‘एकाकी’मध्ये केविलवाणेपणा आहे. २२व्या वचनात दोनाचे एक करण्याची भाषा आहे, तिच्याशी नाते राहावे म्हणून मी ‘एकला’ ठेवला आहे, तोही तात्पुरता. ‘देवाचे राज्य’ हा मराठी बायबलमुळे रुळलेला शब्दप्रयोगही जपून वापरावा लागतो, कारण थोमामध्ये बहुधा नुसते ‘राज्य’ किंवा ‘पित्याचे राज्य’ असते.

भाषा शिकण्याच्या बाबतीत आधी ग्रीक, मग कॉप्टिक, हा क्रम मला सोयीचा पडला. कॉप्टिकची लिपी ग्रीक अक्षरांत डेमॉटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली काही अक्षरे मिळवून झालेली आहे आणि शब्दसंग्रहही ग्रीकने भरलेला आहे. जुन्या पोथ्यांप्रमाणे हस्तलिखितात शब्द सलग असतात, त्यामुळे ज्याने एकदा पोथी वाचली आहे त्याला पदच्छेदाची भीती वाटत नाही. छोट्या प्रबंधासाठी विषय निवडायचा असेल, तर काळनिर्णय किंवा ‘थोमा आणि उपनिषदे’ घेण्याऐवजी तिसरा रकाना रिकामा राहतो असे एखादे वचन घ्यावे.

९७वे तसे आहे. पित्याचे राज्य एका बाईसारखे आहे, जी पिठाने भरलेले मडके घेऊन लांबच्या वाटेने चालली होती. मडक्याचा कान तुटला, पीठ तिच्या मागे वाटेवर सांडत गेले. तिला कळले नाही, अडचण जाणवलीच नाही. घरी येऊन मडके खाली ठेवले तेव्हा ते रिकामे निघाले. स्पष्टीकरण नाही, शिष्यांचा प्रश्न नाही, आणि चारही प्रमाण शुभवर्तमानांत याला जोड नाही. कोणी यात गाफीलपणाचा इशारा वाचतो, कोणी रितेपणाचा गौरव वाचतो. मी सध्या ‘राज्य बाईसारखे आहे’ या वाक्यात उपमान नेमके कोणते, बाई, पीठ, की सांडण्याची सगळी घटना, एवढ्याच मुद्द्यावर लिहीत आहे.