पोट्टीच्या तोंडी खोटं देऊ नका

माझा जोडीदार नागपुरात बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या आईचा फोन आला. पोरीने उचलला. मी कणीक मळत होते, तिथूनच तिला डोळ्याने खुणावलं. "कोनी नाही आजी, मी अन् आईच आहो," ती म्हणाली, फोन ओट्यावर ठेवला आणि आपल्या खोलीत निघून गेली. हॉलमध्ये तो तिच्याच सायकलचं पायडल बसवत होता. त्याने सगळं ऐकलं.

घटस्फोटानंतर, लग्नाआधी कुणासोबत घर मांडायचं ठरवत असाल तर आधी एक यादी करा: आपल्या लेकराला कोणाकोणापासून काय लपवावं लागेल? त्या यादीतलं शेवटचं नाव खोडलं गेलं की मग सामान आणायचं. मी आधी सामान आणलं.

मी कळमन्यात एका अडत्याकडे हिशोब लिहिते, तो अजनीला रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला. दोघांचंही एकेक लग्न मोडलेलं. सवयीने मी आधी कागदच काढले, म्हणून ते आधी सांगते. डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम, हातात नसेल, केस चालू असेल, तर थांबा. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलंय. पण पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसताना हीच गोष्ट मुलाच्या ताब्याच्या भांडणात समोरचा वकील काढतो.

२००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण आहे. मात्र २०१० च्या एका निकालात न्यायालयाने अटी सांगितल्या: दोघं लग्नाला मोकळे हवेत, बराच काळ एका घरात राहिलेले हवेत, चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरणारे हवेत. नुसतं शनिवार-रविवार येऊन जाणं त्यात बसत नाही. वकीलबाईंनी हे समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे मी शेजाऱ्यांपासून लपवून राहिले होते, ते गरज पडली तर कोर्टात मलाच दाखवावं लागलं असतं.

पोटगीचे दोन हिशोब असतात, एक आपला, एक लेकराचा. आपली पोटगी दुसऱ्या लग्नानंतर कोर्ट बदलू शकतं, बंदही करू शकतं. म्हणून डिक्रीतल्या अटी वकिलासोबत बसून ओळ न् ओळ वाचा. लेकराची लेकराचीच. माझी तिच्या पैशाची वही वेगळी आहे, त्यातून घरभाड्याला एक रुपया जात नाही. नॉमिनीही तपासा. माझ्या विम्यात दोन वर्षं जुन्या नवऱ्याचंच नाव पडून होतं! लग्नाशिवायचा जोडीदार हिंदू वारसा कायद्यात वारस धरला जात नाही, हे दोघांनीही आधीच समजून घेतलेलं बरं. भाडेकरार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदलेलाच लागतो, त्यात दोघांची नावं टाका. मनीषनगरात एका घरमालकांनी "मिस्टर काय करतात?" विचारलं. मी खरं सांगितलं, तर त्यांना एकाएकी आठवलं की घर पुतण्याला द्यायचं आहे. जाऊ द्या. इथल्या मालकीणबाईंनी फक्त पाण्याची मोटर कोण बंद करणार, एवढंच विचारलं.

आता सांगायचं कोणाला, कोणत्या क्रमाने. पहिले लेकराला, आणि घरातच. फुटाळा तलावावर आइस्क्रीम हातात देऊन सांगू नका, पोरं अशा आइस्क्रीमचा अर्थ बरोबर ओळखतात. त्यानंतर लगेच तिच्या बाबाला, म्हणजे ती रविवारी त्याच्याकडे जायच्या आत. मी मेसेज टाकला: "अमुक तारखेपासून आम्ही तिघं एका घरात आहोत. काही विचारायचं असेल तर मला विचारा, तिला नाही." दोन दिवस फोनवर आरडाओरडा झाला. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या ट्यूशनची वेळ विचारली. मग माझे आईबाबा, महाल भागातल्या त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून. बाबा उठून बाहेर गेले. आईने पुडाच्या वड्या तळल्या, पण माझ्या ताटात वाढल्या नाहीत, पोरीच्या हाती डबा दिला. शाळेत वर्गशिक्षिकेला एक वाक्य पुरतं. सोसायटीच्या गेटवर नाव लिहून द्या, बाकी व्याख्यान नको.

त्याला हाक काय मारायची, हे पोरीवर सोडा. आमची तीन आठवडे "ऐका नं" म्हणत होती, मग आपोआप काका झाला. तिची खोली, तिचं कपाट, तिची जेवायची खुर्ची, काही हललं नाही. त्याचा लोखंडी ट्रंक हॉलमध्ये दिवाणाखाली गेला. राहायला यायच्या आधीचे सहा महिने तर ती बाबाकडे असायची त्याच रात्री तो थांबायचा. रागवायचं काम माझंच. आणि एक गोष्ट तोंड वाईट करून का होईना, सांगायलाच हवी: तिच्या खोलीला आतून कडी बसवली, आणि कोणीही, अगदी काकानेही, नको तसा हात लावला तर मला लगेच सांगायचं, हे त्याच्यासमोर तिला सांगितलं. त्याला वाईट वाटलं असेल. पण कडी त्यानेच बसवली.

लग्न विशेष विवाह कायद्याने करायचंय. नोटीस दिल्यापासून तीस दिवस थांबावं लागतं, दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात तीस दिवस राहणं लागतं, तीन साक्षीदार लागतात. जेवताना हेच बोलणं चालायचं, पोरगी भात कालवत ऐकायची.

यंदा तान्हा पोळ्याला तिचा लाकडी बैल चाकासकट त्यानेच उचलला, जिन्यावरून ओढता येत नाही म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. "हे कोन होय गं बाप्पा?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काका. आमच्याच घरी राह्यतात. आईचं अन् यांचं लग्न व्हायचं आहे."

"कवा?"

"नोटीस द्याची आहे अजून. मंग तीस दिवस लागते. बोजारा द्या नं काकू."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि विसाची नोट बैलाच्या शिंगात अडकवली.