उत्तर बरोबर, समज चुकीची: संख्याशास्त्र शिकवताना या चुका टाळा

संख्याशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गात एक प्रकार हमखास दिसतो. विद्यार्थी प्रमाण त्रुटी (नमुन्याची सरासरी नमुन्यागणिक किती बदलेल याचं माप) अचूक काढतो, नियमाप्रमाणे शून्य परिकल्पना ("काही फरक नाही" असं सुरुवातीचं गृहीतक) नाकारतो आणि "म्हणजे नेमकं काय कळलं?" असं विचारलं की गप्प बसतो. आपण खापर गणिताच्या भीतीवर फोडतो. माझ्या मते घोळ बहुतेकदा एकाच जागी असतो: हातातल्या नमुन्याचा पसारा वेगळा आणि अनेक नमुन्यांच्या सरासऱ्यांचा पसारा वेगळा, हे त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

सूत्र आधी, चित्र नंतर

प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) भागिले नमुन्याच्या आकाराचं वर्गमूळ, हे फळ्यावर लिहिलं की शिकवून झालं असं वाटतं. त्याऐवजी डबाभर चिठ्ठ्यांवर आकडे लिहा. बहुतेक लहान, थोडे फार मोठे. प्रत्येकाने पाच चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येक चिठ्ठी पाहून परत टाकायची, आणि सरासरीचा ठिपका फळ्यावरच्या रेषेवर द्यायचा. मग हेच तीस चिठ्ठ्या घेऊन. ठिपके एकमेकांजवळ येतात. त्या ठिपक्यांचा पसारा म्हणजे प्रमाण त्रुटी. आता सूत्र द्या. प्रमाण विचलन १० असेल, तर २५ जणांच्या नमुन्याला प्रमाण त्रुटी २ आणि १०० जणांच्या नमुन्याला १. माहिती चौपट, त्रुटी निम्मी.

"नमुना मोठा घेतला की आकडेवारी प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराची, होते" हा गैरसमजही याच डब्यापाशी सुटतो. एका नमुन्यातले तीस आकडे डब्यासारखेच एका बाजूला कललेले राहतात. घंटेच्या आकाराकडे झुकतात ते सरासऱ्यांचे ठिपके. (आणि ३० हा जादूचा आकडा नाही. आकडे फारच कललेले असतील, तर तीसही कमी पडतात.)

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, "पण प्रत्यक्षात आपण नमुना एकदाच घेतो ना?" हा प्रश्न टाळू नका. प्रत्यक्षात आपल्याला एकच ठिपका मिळतो. न दिसलेले ठिपके किती पसरले असते, याचा अंदाज सूत्र देतं.

पी-व्हॅल्यूची व्याख्या पाठ करून घेणं

नाणं दहा वेळा उडवलं, नऊ वेळा छापा आला. निष्पक्ष नाण्याला नऊ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता १०२४ पैकी ११, म्हणजे सुमारे १.१ टक्के. हीच इथली पी-व्हॅल्यू. लगेच उत्तर येतं: "नाणं निष्पक्ष असण्याची शक्यता १.१ टक्के." व्याख्या पुन्हा सांगून हे जात नाही. विचारा: नाणं जादूगाराच्या खिशातलं असतं तर? आणि आपल्याच खिशातलं, रोजच्या वापरातलं असतं तर? पी-व्हॅल्यू दोन्हीकडे तीच, पण नाण्यावरचा संशय सारखा राहील का? नाही. मग तो आकडा नाणं निष्पक्ष असण्याची शक्यता असूच शकत नाही. यानंतर एक सवय लावा: पी-व्हॅल्यूबद्दलचं प्रत्येक वाक्य "नाणं निष्पक्ष आहे असं धरलं, तर…" असंच सुरू करायचं.

९५ टक्के कशाचे?

पुन्हा तोच डबा. प्रत्येकाने आपल्या नमुन्यावरून ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्यात असावी असा आकड्यांचा पट्टा, काढायचा. खरी सरासरी फक्त शिक्षकांना ठाऊक. चाळीस जण असतील, तर साधारण दोघांचे अंतराल हुकतील. कधी एकही नाही, कधी चार. हुकलेल्यांना स्वतःच्या कागदावरून ते कळत नाही, हेच दाखवायचं असतं. ९५ टक्के ही पद्धतीची खात्री आहे. एका तयार अंतरालात खरी सरासरी एक तर असते, नाही तर नसते.

फक्त आकडेमोडीचे प्रश्न विचारणं

सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी सरळ रेषेत किती बरोबरीने बदलतात हे सांगणारा आकडा) काढून दाखवला म्हणजे सहसंबंध समजला असं नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांच्या जोड्यांचे चार छोटे संच मांडले. चौघांचा सहसंबंध सुमारे ०.८१६, सरासऱ्याही जवळपास सारख्या. आलेख काढला तर एक वक्र, एकात केवळ एका बिंदूमुळे तयार झालेला संबंध. हे चार आलेख समोर ठेवून "यांपैकी कुठे हा आकडा वापराल?" एवढंच विचारा.

परीक्षेतही निम्मे गुण अशाच प्रश्नांना ठेवा. आकडेमोड करून द्या, निष्कर्षाचं एक चुकीचं वाक्य द्या, आणि ते का चुकलं हे दोन ओळींत लिहायला सांगा. तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरं.