हार्डडिस्क मरायला टेकलीये? आधी हात आवरा

मागच्या गणपतीत मामांचा फोन आला, अरे कम्प्युटर चालू व्हायलाच वीस मिनिटं लागतायत आणि फोटोंचं फोल्डर उघडलं की सगळं थिजतं. मी पोचेपर्यंत मामांनी चार वेळा रिस्टार्ट मारला होता, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावला होता, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) पण चालू केलं होतं. म्हणजे जे जे करायचं नसतं ते सगळं करून झालेलं.

अशी डिस्क म्हणजे टाकीत लिटरभर पेट्रोल उरलेली गाडी समजा. किती वाचता येईल ते ठरलेलंय, ते रिपेअरच्या नादात जाळायचं की डेटा काढायला वापरायचं एवढाच प्रश्न आहे. चेकडिस्क फाइल सिस्टीम 'नीट' करायला त्याच डिस्कवर लिहितं, आणि त्या नादात तुटक्या फाइलींची नावं, फोल्डर गायब होऊ शकतात. विंडोजने 'डिस्क फॉरमॅट करायची का' विचारलं तर कॅन्सल. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही, हे तर सांगायलाच नको, तरी लोक करतात.

आधी कान द्या. टक... टक... टक... असा ठराविक लयीत आवाज येत असेल, किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) डिस्क दिसतच नसेल, किंवा 500 जीबीची डिस्क भलताच आकडा दाखवत असेल, तर लगेच पॉवर काढा आणि पुढचं काही करू नका. हेड (डेटा वाचणारा भाग) गेलेलं असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते प्लॅटरवर (डेटा असलेली फिरती तबकडी) ओरखडे काढू शकतं, आणि तिथला डेटा मग कोणीच परत आणू शकत नाही. ते काम क्लीन रूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या लॅबचं. घरी किंवा दुकानाच्या काउंटरवर स्क्रू काढून झाकण उघडू देऊ नका, हेड प्लॅटरपासून काही नॅनोमीटर वरून फिरतं, धुळीचा एक कण पुरतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय पण विसरा, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. आणि दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावायचा जुगाड आजकालच्या डिस्कना बहुतेक चालत नाही, कारण त्या त्या डिस्कची माहिती बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते.

आवाज नॉर्मल असेल तर साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदलून बघा, कधीकधी भूत तिथेच असतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, दोन ओळी बघा, रीअलोकेटेड सेक्टर्स (खराब म्हणून बदललेले डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि करंट पेंडिंग सेक्टर. मामांच्या डिस्कचे पेंडिंग शेकड्यात होते, म्हणजे तेवढे सेक्टर डिस्कला वाचता येत नव्हते.

आता खरं काम. विंडोजमधून फोल्डर ड्रॅग करून कॉपी करायचं नाही, एका खराब सेक्टरपाशी ते अडकून बसतं आणि डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा घासत राहते. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून बूट करा, म्हणजे कम्प्युटर त्यावरून चालू करा, त्यात जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम असतो, फुकट. मला तरी याहून बरं काही मिळालं नाही. शिवाय नवीन डिस्क लागेल, जुनीच्या पूर्ण साइजपेक्षा मोठी. फोटो 100 जीबीच असले तरी इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल) अख्ख्या 500 ची होते. नवीन डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी, फॅट32 या जुन्या फॉरमॅटवर 4 जीबीच्या वरची फाइल मावतच नाही.

एलएसबीएलके (lsblk, डिस्कची यादी दाखवणारी) कमांडने कुठली डिस्क कुठली ते साइजवरून तपासा, दोनदा तपासा, सोर्स आणि टार्गेट उलटे झाले तर संपलं. मग कमांडचा क्रम असा: डीडीरेस्क्यू (ddrescue), मायनस डी (-d), मायनस एन (-n), जुनी डिस्क, इमेज फाइल, मॅपफाइल. पहिल्या फेरीत हे सोपं सोपं उचलतं आणि अडलं की पुढे उडी मारतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये असते, म्हणून लाइट गेली तरी तीच कमांड परत दिली की तिथूनच पुढे चालू. मॅपफाइल नवीन डिस्कवरच ठेवा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर बाकी सगळं रॅममध्ये असतं, बंद केलं की गेलं. मी पहिल्यांदा हीच चूक केली होती आणि अख्खी रात्र वाया.

चांगली 500 जीबीची डिस्क 80 एमबी प्रति सेकंदने पावणेदोन तासांत होते, मामांची दीड दिवस चालली. वर टेबल फॅन लावून ठेवला होता आणि मामी दर तासाला विचारायच्या, "झालं का रे?" पहिल्या फेरीत 98 टक्क्यांच्या वर आलं. मग तीच कमांड, मायनस एन काढून मायनस आर तीन (-r3) टाकून, म्हणजे उरलेल्या जागी तीन तीन वेळा प्रयत्न. इथे आवाज बदलला किंवा स्पीड शून्यावर अडकला तर थांबा, हव्या त्या फाइली बहुतेक आधीच आलेल्या असतात.

यापुढे जुन्या डिस्कला हात लावायचा नाही, सगळं इमेजवर. टेस्टडिस्कला (फाइली परत काढणारा प्रोग्रॅम) इमेज फाइल द्या, अॅडव्हान्स्डमध्ये पार्टिशन निवडा, लिस्ट, मग हव्या फाइलवर जाऊन सी दाबून कॉपी. फोल्डर दिसतच नसतील तर फोटोरेक हा दुसरा रिकव्हरी प्रोग्रॅम, पण त्यात फाइलींची नावं जातात, हजारो फोटो आकड्यांच्या नावाने येतात आणि निवडत बसावं लागतं. लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क-कुलूप) लॉक असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधी शोधा, तिच्याशिवाय इमेज असून नसल्यासारखी. आणि हे सगळं फिरत्या डिस्कचं बरं का, एसएसडीचं गणित वेगळं.

मामांचे दोन व्हिडिओ अर्धेच चालतात, बाकी सगळं आलं. जुनी डिस्क त्यांनी लगेच भंगारात द्यायला काढली होती, मी परत कपाटात ठेवायला लावली, सगळे फोटो एकेक उघडून बघून झाल्याशिवाय ती टाकायची नाही.