उडी वाढवायच्या नादात गुडघा कामातून जातो, या चुका टाळा

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं की आमच्या झेडपी शाळेच्या ग्राउंडवर संध्याकाळी पोट्टे जमायला लागतात. जानेवारीत व्हॉलीबॉलचे रात्रीचे खुले सामने असतात अन् दोन महिन्यात सगळ्यांनाच नेटच्या वर हात पाहिजे असतो. पुरुषांची नेट २.४३ मीटर, ती काही कोणासाठी खाली येत नाही, उडीच वाढवावी लागते, इथपर्यंत सगळं बरोबर. पण कशी वाढवायची यात दहा वर्षं झाली त्याच त्या चुका बघतोय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज उड्या मारणे. दोन वर्षांआधी आमच्याकडे एक स्मॅशर होता, एकोणीस वर्षांचा, सडसडीत, भलता मेहनती. मोबाईलवरून त्यानं साठ दिवसांचा कुठलातरी प्रोग्राम काढला. सकाळी ५०० बैठका, संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या सिमेंट रोडवर २०० उड्या, रविवारीसुद्धा सुट्टी नाही. पहिल्या पंधरा दिवसात तीन बोटं उडी वाढली अन् तिथंच घात झाला, त्याला वाटलं डबल केलं तर डबल वाढेल. मग गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला, एक बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी, दुखायला लागलं. हे दुखणं फसवं असतं, खेळायला लागलं की दहा मिनिटात गायब अन् रात्री पायऱ्या चढताना परत हजर. "भाऊ, अंग गरम झालं का दुखत नाही," असं तो मला सांगायचा अन् मी ऐकून घ्यायचो, तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं, थांबवलं नाही याचं आजही वाईट वाटतं. सामन्यात गोळी घेऊन दोन मॅच खेळला, तिसऱ्या मॅचआधी उकिडवं बसता येईना. मग दोन महिने पूर्ण आराम केला, दुखणं थांबलं, उडी मारली, परत तिथंच कळ. एकूण सहा महिने गेले त्याचे.

असं काऊन होते? स्नायू लवकर ताकद धरतो, पण त्याला हाडाशी बांधणारा टेंडन हळूहळू तयार होतो, त्याला महिने लागतात. बैल तगडा झाला अन् दोर जुनाच राहिला तर तुटतो तो दोरच. म्हणून माझ्याकडे उड्या आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून, सिमेंटवर नाही तर मातीवर, अन् एका वेळी चाळीस-पन्नास, पण प्रत्येक उडी पूर्ण जोरानं. उडी खाली यायला लागली की त्या दिवशीचं काम संपलं. ज्याचं आधीच दुखतंय त्यानं नुसतं बाजेवर पडून राहू नये, आरामानं टेंडन आणखी कमजोर होतो. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद, असं पाच वेळा, मग काही आठवड्यांनी हळू उतरणारे स्क्वॅट. गुडघा सुजला किंवा पाय टेकताना आवाज होऊन लचकला तर मात्र सरळ डॉक्टर, तिथं माझं काही ऐकू नका.

दुसरी चूक पहिल्याचीच बहीण. पोट्टे फक्त मांडीचा समोरचा भाग बनवतात, कारण आरशात तोच दिसतो. आता आपल्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, त्या भागात राहून बैठकांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, दम वाढवायला बैठक चांगलीच. पण टाचा उचलून, गुडघे पुढे नेऊन मारलेल्या शेकडो बैठकांचा भार समोरच्या मांडीवर येतो, अन् उडीत शरीर वर फेकायला कुल्ल्याचे स्नायूही तेवढेच लागतात, जिमवाले ज्यांना ग्लूट म्हणतात ते. शिवाय समोरची मांडी नडगीला पुढं ओढते, तिला मागं धरून ठेवायचं काम हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचं, तोच कच्चा असला की खाली येताना गुडघा उघडा पडतो.

घरीच बघा. पाठीवर झोपा, एक पाय दुमडून जमिनीवर, दुसरा हवेत, कंबर वर उचला. एका बाजूनं वीस झाले पाहिजे. आठव्याला मांडीच्या मागं गोळा आला तर समजा मागची बाजू झोपलेली आहे. आमच्या त्या स्मॅशरचे उजव्यानं अठरा झाले, डाव्यानं नऊ. अन् तो उजव्या हातानं मारणारा, प्रत्येक स्मॅशनंतर एकट्या डाव्या पायावरच उतरायचा! दुखत होता तोही डावाच गुडघा.

यासाठी जिम लागत नाही राजेहो. युरियाचा कट्टा ४५ किलोचा असतो, सुरुवातीला रिकाम्या कट्ट्यात अर्धी माती भरा. कमरेतून वाका, पाठ सरळ, दोन्ही हातात सामान असताना कुल्ल्यानं दार लोटतो तसे कुल्ले मागं, अन् उठा. दुसरं, घडी केलेल्या पोत्यावर गुडघे टेकायचे, मित्रानं मागून टाचा दाबून धरायच्या अन् अंग ताठ ठेवून होईल तेवढं हळू पुढं झुकायचं. पहिल्या दिवशी तीन-चारच करा. जोशात वीस मारणारा दुसऱ्या दिवशी संडासात बसू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिसरं, मागचा पाय ओट्यावर ठेवून एका पायाचा स्क्वॅट, कमजोर पायापासून सुरुवात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. पायाला वाळूच्या पिशव्या बांधून उड्या, बंद करा, लय बिघडते अन् गुडघ्यावर भार वाढतो. रोज हजार वेळा टाचा उचलून पोटऱ्या मारणे, पोटरीचा उडीत वाटा लहान आहे. हात न झोकता उडी मारणे, नुसत्या हाताच्या झोकानं दहा टक्क्यांच्या आसपास उंची मिळते, फुकटची का सोडायची? ओट्यावरून खाली उडी टाकून लगेच वर उसळी, हा प्रकार सोव्हिएत कोच युरी वेर्खोशान्स्की यांनी आधीच ताकद कमावलेल्या खेळाडूंसाठी आणला होता, कालपासून सुरू केलेल्या पोरासाठी नाही. उतरताना धप्प आवाज येत असेल तर मी उडीच थांबवतो, आधी मांजरासारखं उतरून दाखव, दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळता. अन् पावडरचा डबा घ्यायच्या आधी ताटात वरण घट्ट करा, सोबत चण्याची उसळ, अंडी, शेंगदाणे, नुसत्या भातावर स्नायू बनत नाही.

रोज उडी मोजणारेही बरेच आहेत. मी पंधरा दिवसातून एकदाच मोजतो, बोटाला चुना लावून शाळेच्या मागच्या भिंतीवर, तीच वेळ, तेच जोडे. अन् दिवसभर पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन वावरात फवारणी केली असेल तर त्या दिवशी मोजूही नका अन् उड्याही मारू नका, पायांचा व्यायाम झालेला आहे, जेवा अन् झोपा.